कोल्हापूर ते रुकडी, १:८७ : कामाची वही

९ एप्रिल २०२४, गुढीपाडवा

सकाळी गुढी उभारली आणि दुपारी माळ्यावरची खोली मोकळी केली. जुनी ट्रंक, पाळणा, तीन पोती रद्दी खाली गेली. खोली १२ बाय १० फूट, खिडकी एकच आणि तीही पश्चिमेला. पावसाळ्यात ती त्रास देणार हे दिसतंय, पण दुसरी खोली नाही.

काय बांधायचं ते कधीचं ठरलंय: कोल्हापूरच्या रेल्वेचा छोट्या मापातला, चालता नमुना. माझे वडील, आप्पा, रेल्वेत सांधेवाले होते, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे सांधे फिरवायचे. संस्थानच्या काळातला मीटरगेज मार्ग १८९१ साली सुरू झाला, १९७१ साली तो ब्रॉडगेज झाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आप्पा नोकरीला लागले. मला त्यांच्या नोकरीतलं कोल्हापूर हवंय: डिझेल इंजिन, मातकट तांबडे डबे, मालाच्या चारचाकी बंद वाघिणी, गुळाची चढउतार. मी स्वतः शाहूपुरीत गुळाच्या अडत दुकानात हिशोब लिहिते, त्यामुळे गूळ मार्केटची सायडिंग, म्हणजे माल चढवायचा बाजूचा रूळ, सोडायचा प्रश्नच नाही.

प्रमाण १:८७, मॉडेल रेल्वेत याला एचओ म्हणतात. कोल्हापूर ते मिरज ४७ किलोमीटर अंतर या प्रमाणात ५४० मीटर भरतं. म्हणून चारच गोष्टी घेतल्या: कोल्हापूरचा एक फलाट, गूळ मार्केटची सायडिंग, पंचगंगेवरचा पूल आणि रुकडी स्टेशनच्या नावाचा एक वळसा. गाडी तिथून फिरून परत येईल. भिंतीलगत एल आकाराचं टेबल, रुंदी २ फूट, वळशाच्या कोपऱ्यात ४ फूट.

एक तडजोड आजच लिहून ठेवते. आपलं ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिमी. १:८७ मध्ये ते १९.३ मिमी व्हायला हवं. बाजारात मिळणारा एचओ रूळ १६.५ मिमीचा असतो. रूळ, सांधे, इंजिनाची चासी सगळं त्याच मापाचं मिळतं, म्हणून तेच घेतलं. नमुन्याचा तुकडा आप्पांच्या हातात दिला. त्यांनी डोळ्याजवळ नेऊन पाहिला आणि म्हणाले, "ह्ये मीटरगेज बी न्हाई आन् ब्रॉडगेज बी न्हाई." खरंच आहे. पण १९.३ मिमीचे सांधे हातानं करायचे म्हटलं तर दोन वर्षं नुसत्या सांध्यांत जातील.

१४ एप्रिल

सुतारानं सांगाडा उभा केला. पाईनच्या पट्ट्या, वर १२ मिमी कमर्शियल प्लाय. आधाराच्या आडव्या पट्ट्या तीन-तीन फुटांवर. प्लायच्या वरच्या बाजूला मी ऑइल पेंटचे दोन हात दिले, खालची बाजू तशीच ठेवली. खाली कोण बघतंय, असा विचार केला.

प्लाय आणि पट्ट्या ५,८००, सुताराची मजुरी २,४००, रंग ६५०.

२८ एप्रिल

रूळ आले. एक गजाचे, म्हणजे ९१४ मिमीचे लवचीक तुकडे १४, प्रत्येकी ८५०. सांधे चार, प्रत्येकी २,६००. या कामातला सगळ्यात मोठा खर्च हाच.

वळणं १८ इंची त्रिज्येची धरली होती, कारण तयार संचांत तेच माप असतं. रूळ नुसते टाचण्यांनी अडकवले आणि पुठ्ठ्याचे दोन डबे कापून हातानं फिरवले. एलच्या कोपऱ्यात दोन रूळ शेजारी आहेत, मधलं अंतर ५० मिमी. डबे समोरासमोर आले आणि एकमेकांना घासले.

आपला आयसीएफ कारखान्याचा प्रवासी डबा २१,३३७ मिमी लांब आणि ३,२४५ मिमी रुंद. १:८७ मध्ये २४५ मिमी लांब, ३७ मिमी रुंद. बोगींच्या, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या दोन चौकटींच्या, केंद्रांतलं अंतर १७० मिमी. वळणावर बाहेरच्या रुळावरच्या डब्याचं पोट आत येतं आणि आतल्या डब्याची टोकं बाहेर जातात. १८ इंचांवर, म्हणजे ४५७ मिमीवर, पोट साधारण ८ मिमी येतं आणि टोक साडेआठ मिमी जातं. ३७ मध्ये ते साडेसोळा मिळवले की ५० पार. हा हिशोब मी रूळ मागवायच्या आधी करायला हवा होता. दिवसभर दुसऱ्यांचे हिशोब करते आणि हा राहिला.

५ मे

नवीन आखणी. त्रिज्या ६६० मिमी, शेजारच्या रुळांतलं अंतर वळणावर ५६ मिमी. पोट आणि टोक मिळून आता साडेअकरा मिमी होतात, सुरक्षित आहे. मात्र वळशाचा कोपरा ४ फुटांचा ५ फूट करावा लागला. एवढ्या आत हात पोचत नाही, म्हणून मधोमध ६० सेंमीचं चौकोनी भोक ठेवलं. खालून वाकून गेलं की त्यात उभं राहता येतं. सुतार पुन्हा, १,१००.

फलाटाबाहेर पडताना गाडी आधी डावीकडे आणि लगेच उजवीकडे वळत होती. त्या दोन वळणांच्या मध्ये एका डब्याएवढा सरळ तुकडा घातला. नाहीतर दोन डब्यांचे बफर उलटसुलट सरकतात आणि हलका डबा उचलला जातो.

२६ मे

रूळ बसले. खाली कॉर्कऐवजी चपलांच्या सोलाचं ४ मिमी मऊ शीट वापरलं. कोल्हापुरात चपलेचं सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात मिळतं आणि कॉर्कच्या निम्म्याहून कमी पैशांत काम झालं. आवाज छान दबतो. कापताना पातं नवं हवं, नाहीतर कड फाटते. चिकटवायला फेव्हिकॉल धरत नाही, चांभाराचं सोल्यूशन लागतं. त्याचा वास दोन दिवस राहतो, खिडकी उघडी ठेवा.

इंजिनासाठी सहा ॲक्सलची, अल्को या अमेरिकन कंपनीच्या इंजिनाची जुनी चासी घेतली होती. आपलं डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन मुळात अल्कोच्याच नमुन्यावरचं, त्यामुळे बोगीची ठेवण जुळते. वरचं अंग थ्रीडी प्रिंट करून घेतलं. चासी ७,२००, प्रिंट १,४००.

संध्याकाळी नुसतं इंजिन फलाटापासून पुलापर्यंत गेलं आणि आलं. आप्पा स्टुलावर बसून होते. बोलले काही नाहीत, पण जेवायला दोनदा हाक मारावी लागली.

२६ जून, शाहू जयंती

सुट्टी होती पण काम झालं नाही. पाऊस लागलाय. एलच्या लांब बाजूला इंजिन एका ठिकाणी अडखळतं. रूळ पुसून पाहिले, फरक नाही.

१४ जुलै

कारण सापडलं. सुताराची पाणसळ आणि चार फुटी ॲल्युमिनियमची पट्टी टेबलावर ठेवली. दोन आधारांच्या मध्ये प्लाय ५ मिमी खाली गेलाय आणि बरोबर आधारावर उंचवटा झालाय. सहा ॲक्सलचं इंजिन त्या उंचवट्यावर आलं की पुढची चाकं हवेत जातात.

प्लायच्या वरच्या बाजूला रंग होता, खालच्या बाजूला नव्हता. पावसाळ्यातली ओल खालून शिरली, खालचा थर फुगला, वरचा तसाच राहिला आणि फळी मध्यात झोळासारखी पडली. आधार तीन फुटांवर असल्यानं तिला अडवायलाही काही नव्हतं. साडेतीनशेचा आर्द्रतामापक आणला; खोलीत ८८ टक्के दाखवतोय. ज्या सूचना वाचून मी टेबल केलं त्या कोरड्या, गरम केलेल्या खोल्यांत बसून लिहिलेल्या. त्यांत आधार तीन फुटांवर चालतात. कोल्हापूरच्या जुलैत चालत नाहीत.

रूळ अजून खडीत चिकटवलेले नव्हते, टाचण्यांवर होते, एवढं बरं झालं. सगळे काढले.

२८ जुलै

पंचगंगा पात्राबाहेर आहे. आमच्या पेठेत पाणी येत नाही, पण नदीकाठच्या वस्तीतले पाहुणे घरी आहेत, सहा माणसं. माळ्यावर त्यांचं सामान आणि अंथरुणं. काम बंद. ओला प्लाय तसाच रंगवायचा मोह होत होता, तो टळला हे चांगलंच. ओल आत कोंडली असती.

१८ ऑगस्ट

पाहुणे घरी परतले. टेबलाखाली १०० वॉटचे दोन बल्ब आणि टेबलफॅन आठ दिवस लावून फळी वाळवली. मग आधार एक-एक फुटावर केले. खालची बाजू, चारही कडा, वायरींसाठी पाडलेली भोकं, सगळीकडे वुड प्रायमरचा एक आणि ऑइल पेंटचे दोन हात. कडा सगळ्यात महत्त्वाच्या. पाणी तिथूनच पितो प्लाय. पट्टी पुन्हा लावली: सगळ्यात जास्त फरक दीड मिमी. तो सोलाच्या शीटखाली पोस्टकार्डाचे तुकडे सरकवून काढला.

खर्च २,९५०. वेळ पाच आठवडे. ही वही बघून कोणी काम सुरू करणार असेल त्यानं पहिल्याच दिवशी खालची बाजू रंगवावी.

रूळ परत घालताना दुसरी एक चूक सुधारली. गाडी रुळांतल्या विजेवर चालते; आधी रुळांना वीज फक्त दोन ठिकाणी दिली होती आणि पुढं ती रूळ जोडणाऱ्या जोडपट्ट्यांमधून जाईल असं धरलं होतं. आता टेबलाखालून जाड वायरींची एक जोडी फिरवली आणि प्रत्येक तुकड्याला तिच्यातून पातळ वायर डाख देऊन जोडली. जोडपट्टी सैल झाली तरी रूळ मरत नाही.

७ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

मूर्ती आणायला कुंभार गल्लीत गेले तेव्हा टेकडीचा प्रश्न विचारला. मी शाडूची एक छोटी टेकडी करून पाहिली होती, वाळताना ती भेगाळली. मूर्तिकार कामात बुडालेले, तरी हात न थांबवता म्हणाले, "नुसता शाडू जाड थापलाय व्हय? काथ्या घाला ताई. न्हाईतर कागदाचा लगदा. आन् सावलीत वाळवा." एका वाक्यात माझे पाच दिवस वाचले.

२२ सप्टेंबर

चाकं. हा भाग सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडे तयार चाकं मागवणं महाग पडतं आणि लेथवाल्यांचं उद्यमनगर हाताशी असताना ती मागवायची तरी कशाला?

पाच डबे, प्रत्येकी चार ॲक्सल. चार वाघिणी, प्रत्येकी दोन. एकूण २८ ॲक्सल, ५६ चाकं. खऱ्या डब्याचं चाक ९१५ मिमी, म्हणजे माझं साडेदहा मिमी. उद्यमनगरात ओळखीच्या एका टर्नरकडे गेले. त्यांचा हात ऑइल इंजिनाच्या भागांवर बसलेला. चित्र बघून म्हणाले, "वहिनी, एवढुसं? व्हर्निअर पण जड होईल याला." पण केलं. पितळी सळईतून चाक, दोन मिमीची पोलादी दांडी, दोन्ही टोकं टोकदार. चाकाला ३५ रुपये.

घरी आणून पहिला डबा रुळावर ठेवला आणि कंट्रोलरचा लाल दिवा लागला. शॉर्ट. दुसरा ठेवला, तेच. मी डोकं धरून बसले. दोन्ही चाकं पितळी, मधली दांडी पोलादी, म्हणजे प्रत्येक ॲक्सल दोन रुळांना थेट जोडत होता. मी एका चाकाला इन्सुलेशन हवं असं सांगितलंच नव्हतं. चित्रातही नव्हतं. टर्नरनं चित्राप्रमाणे चोख काम केलं होतं.

दुसरा दोषही माझ्या चित्रातला. चाकाचा रुळावर टेकणारा भाग मी सरळ दाखवला होता. खऱ्या चाकाला तिथं उतार असतो. त्या उतारामुळे चाकांची जोडी रुळांच्या मध्यात स्वतःहून येते. सरळ चाकं डावीउजवीकडे भटकतात आणि फ्लँज, म्हणजे चाकाची आतली उंच कड, रुळाला घासत राहतो.

१२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी दुकानात वह्यांची आणि तराजूची पूजा, मग उद्यमनगरात मशिनच्या पूजेला. टर्नरांनी लेथवर झेंडू वाहिला होता आणि त्याच लेथशेजारी माझी दुरुस्त चाकं कागदात बांधून ठेवली होती.

दुरुस्ती अशी: प्रत्येक जोडीतलं एक चाक काढून त्याचं भोक ४ मिमीचं केलं, त्यात नायलॉनचा बुश दाबून बसवला आणि बुशमध्ये दांडी. टेकणाऱ्या भागाला ३ अंशांचा उतार. फ्लँज ०.७ मिमीच्या आत उतरवला, आधी तो एक मिमी होता आणि सांध्यात खालच्या प्लॅस्टिकला टकटक लागत होता. चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर १४.४ मिमी. हे माप बरोबर आणण्यासाठी टर्नरांनीच १४.४ मिमीचा एक पितळी ठोकळा करून दिला. तो दोन चाकांच्या मध्ये धरायचा आणि चाक त्याला टेकेपर्यंत दाबायचं. सगळ्या कामात माझ्याकडची सगळ्यात उपयोगी वस्तू हा ठोकळा आहे. गाडी सांध्यावर पडली की मी आता आधी तो लावून बघते.

५६ चाकांचे १,९६०, दुरुस्ती आणि बुश ८४०. ठोकळ्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. डबा कसा पळतो ते बघायला येतो म्हणालेत.

१० नोव्हेंबर

रुकडीचा वळसा. गाडी वळसा घेऊन त्याच रुळावर परत येते तेव्हा डावा रूळ उजव्याला येऊन मिळतो, म्हणजे शॉर्ट. उपाय माहीत होता: वळशाच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ कापायचे आणि मधल्या भागाची वीज उलटसुलट करायला सहा पायांचं बटण लावायचं. मी कापलेला भाग १.२ मीटरचा ठेवला. चार डब्यांची गाडी नीट फिरली. पाचवा डबा जोडला की गाडीचं तोंड बाहेर पडताना शेपूट अजून पहिल्या कापाशी असते आणि पुन्हा लाल दिवा. इंजिन आणि पाच डबे मिळून जवळजवळ १.४८ मीटर. काप पुढं सरकवून भाग १.९ मीटरचा केला. जुन्या कापांवर डाख देऊन रूळ सांधला. दोन संध्याकाळी.

८ डिसेंबर

खडी घातली. क्रशरवरची काळी कच आणली, पैसे कोणी घेतले नाहीत. रव्याच्या चाळणीतून गाळली की खरी खडी १:८७ मध्ये दिसावी तशी दिसते, आणि रंग तर आपल्याच लाइनीचा. आधी पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून फवारा, मग फेव्हिकॉल आणि पाणी ड्रॉपरनं. फार सुंदर दिसतंय. आप्पा चष्मा पुसून पुसून बघत होते.

१५ डिसेंबर

इंजिन बंद पडलं.

गेले चार दिवस आतून करकर आवाज येत होता. आज वेग आणखी कमी झाला आणि पुलाच्या अलीकडे ते थांबलं. उघडलं. मोटारीच्या चुंबकाला काळी मिशी फुटली होती. गिअरच्या ग्रीसमध्ये तीच काळी पूड. एका गिअरचे दात झिजलेले.

कच आपल्या काळ्या दगडाची, बेसॉल्टची. त्यात लोहाचं खनिज असतं आणि ते चुंबकाला ओढलं जातं. रुळाच्या मधली जी पूड नीट चिकटली नव्हती ती इंजिनानं जाता-येता वर ओढून घेतली. कागदावर चिमूटभर कच ठेवून खालून जुन्या स्पीकरचं चुंबक फिरवलं. कच कागदावर चालायला लागली. हे मी आधी करून बघायला हवं होतं. अर्ध्या मिनिटाचं काम.

फक्त चुंबकाला लागणारी कच वेचून काढता येईल का, तेही पाहिलं. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तीनदा फिरवलं. तिसऱ्या वेळीही बरंच चिकटत होतं. जवळजवळ प्रत्येक कणात थोडं लोह आहे. वाळूही करून पाहिली, तिच्यातही काळे कण निघाले.

म्हणजे सगळी खडी काढायची.

५ जानेवारी २०२५

अकरा संध्याकाळी गेल्या. कोमट पाणी घालायचं, वीस मिनिटं थांबायचं, फेव्हिकॉल मऊ झाला की जुन्या टूथब्रशनं आणि चमच्यानं खरवडायचं, मग व्हॅक्यूम. पाणी सांध्यांच्या सरकत्या पात्यांत जाऊ नये म्हणून तिथं चिंधी. ऑगस्टमध्ये फळीला चहूबाजूंनी रंग दिला नसता तर या पाण्यानं ती पुन्हा वाकली असती.

नवीन खडी संगमरवराची. फरशी कापणाऱ्याकडून चुरा आणला, तो धुतला, वाळवला, त्याच चाळणीतून गाळला. चुंबक फिरवलं, एक कण हलला नाही. रंग पांढरा, म्हणून ॲक्रिलिक काळा आणि थोडा तपकिरी पातळ करून त्यात भिजवला, वर्तमानपत्रावर पसरून दोन दिवस वाळवला. कचेइतका जिवंत काळा येत नाही, हे खरंय. इंजिन चालतंय. गिअर बाहेरून मागवला, १,३५०, येईपर्यंत तीन आठवडे.

एक गोष्ट आणखी: आता टेबलावर जाणारी प्रत्येक वस्तू, माती असो, वाळू असो, रंगाची भुकटी असो, आधी चुंबकावरून जाते. चुंबक दाराजवळ खिळ्याला टांगलंय.

२६ जानेवारी

पुलाकडची टेकडी झाली, शाडू आणि काथ्या. भेग नाही. ऊस लावला: तागाच्या सुतळीचे धागे हिरवे रंगवून, ३४ मिमी उंच, सरी ११ मिमीवर. अडीच हजारांहून जास्त धागे, मग मोजायचे सोडले. गूळ मार्केटच्या सायडिंगला गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, हवेत. ३० किलोचा रवा १:८७ मध्ये ४ मिमीच्या आसपास येतो. एमसीलचे गोळे करून पिवळसर तपकिरी रंग दिला. दुकानातल्या हमालांना फोटो दाखवला. त्यांनी रव्यांची थप्पी चुकीची लावलीय हे लगेच सांगितलं. खालचा थर आडवा असतो. बदलली.

१६ फेब्रुवारी

सांधे हलवायला एसजी-९० सर्व्हो, म्हणजे छोट्या मोटारी, लावले, प्रत्येकी १२०, आणि त्यांना चालवायला आर्डुइनो नॅनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड. पहिल्या दिवशी खोलीतला पंखा सुरू केला की चारही सर्व्हो थरथरायचे आणि पातं रुळापासून सुटायचं. दोन उपाय केले. ५ व्होल्टच्या वायरीवर सर्व्होजवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि प्रोग्रॅममध्ये सांधा बसल्यावर सर्व्होचा सिग्नल तोडणं. आता गुणगुणही नाही. पातं एकेक अंशानं हलवलं की खऱ्यासारखं सावकाश सरकतं.

फलाटाची कड रुळाच्या मध्यापासून १९ मिमीवर ठेवली होती. सरळ भागात बरोबर. पण फलाटाचं टोक वळणात शिरतं तिथं डब्याचं पोट साडेपाच मिमी आत येतं आणि रंग खरवडला गेला. टोकाचे १५ सेंमी कापले आणि उरलेली कड वळणाजवळ तिरकी केली.

९ मार्च

आज पहिल्यांदा पूर्ण कामकाज केलं. पाच डब्यांची गाडी फलाटावर आली, इंजिन सुटलं, शेजारच्या रुळावरून फिरून दुसऱ्या टोकाला लागलं, गाडी निघाली. मग दोन वाघिणी सायडिंगला.

आप्पांनी दोन चुका काढल्या. पहिली: सायडिंगवर वाघीण उभी करताना ती सांध्याच्या किती जवळ चालेल याची खूण नाही. "फाउलिंग मार्क कुठाय? हितं उभी केलीस तर मेन लाइनीची गाडी कापून जाईल." त्यांनी खडूनं जागा दाखवली. डबा सरकवून मोजलं, खडूची खूण बरोबर होती, दोन मिमीचाही फरक नाही. तिथं पांढरा रंगवलेला आडवा दगड बसवला.

दुसरी चूक मला दिसलीच नसती. सांधा फिरवला की ते मान थोडी तिरकी करतात आणि वाट बघतात. दोन-तीनदा झाल्यावर मी विचारलं.

"आवाज न्हाई गं ह्याला. सांधा बसला का न्हाई कळायचं कसं?"

मी म्हटलं, दिवा लावलाय की, हिरवा लागतो. ते म्हणाले, दिवा तू बघ.

३० मार्च, गुढीपाडवा

वर्ष झालं. आज खोलीतली आर्द्रता ३९ टक्के, फळी सरळ, रुळांचे दोन जोड किंचित उघडलेत पण वीज जाते. या आठवड्यात ४१ फेऱ्या, दोनदा डबा पडला, दोन्ही वेळा तिसऱ्या सांध्यावर. ठोकळा लावला तेव्हा त्या डब्याचं एक चाक बुशवरून सरकलेलं निघालं. अराल्डाइटचा थेंब घालून पुन्हा बसवलंय.

आजवरचा खर्च वहीत ५६,००० च्या थोडा वर गेलाय. त्यातले चुकांचे, म्हणजे पुन्हा केलेल्या कामाचे, साडेसहा हजार. स्टेशनची इमारत अजून नाही आणि पुलाखाली नदी नाही, नुसता निळा कागद.

सर्व्हो काढायचे ठरवलंय, निदान फलाटाजवळच्या दोन सांध्यांचे. त्यांच्या जागी टेबलाच्या कडेला हातानं ओढायच्या दांड्या, खालून तार, आणि शेवटी स्प्रिंग, म्हणजे पातं ठक्क करून बसेल. काल पुठ्ठ्याची दांडी करून आप्पांच्या हातात दिली. सहा सेंमीची लहान वाटली, बोटांत धरावी लागते. बारा सेंमीची गाडीच्या आड येते. नऊ सेंमीवर त्यांची पूर्ण मूठ बसली आणि त्यांनी ती दोनदा ओढून पाहिली, दुसऱ्यांदा जरा जोरात.

उद्या उद्यमनगरातून ६ मिमीची पितळी पट्टी आणायची, नऊ सेंमीचे दोन तुकडे.